गोदेच्या उगमाशी मुलांना नेताना

नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन गोदावरी कोठे उगम पावते असे विचारले, तर निम्म्या वर्गाचे हात वर होतात आणि उत्तर एकमुखाने येते : त्र्यंबकेश्वरजवळ, ब्रह्मगिरी पर्वतावर. उत्तर बिनचूक असते, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात, आणि बहुतेकांचे या विषयातले शिक्षण तेथेच समाप्त होते. परंतु तेच मूल आईबापांचा किंवा आजोबांचा हात धरून प्रत्यक्ष त्र्यंबकला येते, कुशावर्ताच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकोनी कुंडातले हिरवट, संथ पाणी पाहते, आणि पुढे शेकडो पायऱ्या चढून गंगाद्वारी पोचल्यावर दगडी मुखातून ठिबकणारे पाणी जेव्हा त्याच्या दृष्टीस पडते, तेव्हा त्याच्या तोंडून बाहेर पडणारा पहिला उद्गार भक्तीचाही नसतो आणि विस्मयाचाही नसतो. ‘एवढीच?’ असे ते विचारते.

मोठी माणसे या प्रश्नाने ओशाळतात. ‘असं बोलू नये, नमस्कार कर,’ असे सांगून मुलाचे मस्तक खाली वाकवले जाते, त्याच्या हातावर तीर्थ पडते, आणि प्रश्न तेथल्या तेथे दप्तरदाखल होतो. माझ्या मते संपूर्ण यात्रेत त्या ठिकाणी कोणी काढलेला सर्वांत प्रामाणिक शब्द तोच असतो. ज्या नदीला आपण दक्षिणगंगा म्हणून गौरवितो, जिच्या पुरात नाशकातला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालेला त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, तिचा आरंभ एका ओंजळीत मावण्याएवढा का असावा, ही शंका विचारी मनालाच सुचणारी आहे. तिचे उत्तर देण्यास मात्र एका कुंडाचे दर्शन पुरे पडत नाही. त्यासाठी मुलाला सबंध डोंगर दाखवावा लागतो.

आधी नदीचे परिमाण मुलाच्या लक्षात आणून द्यावे. गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर आहे. भारतीय द्वीपकल्पात तिच्याहून लांब नदी नाही, आणि सबंध देशात ती गंगेखालोखाल दुसरी गणली जाते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरांचे, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा व्यापणारे आहे. नकाशावर बोट ठेवून दाखवावे की, त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटरांवर असताना ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड असा मराठी मुलूख ओलांडते, तेलंगणातून आंध्रात उतरते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत दारणा, प्रवरा, पूर्णा आणि मांजरा तिला येऊन मिळतात. वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचे पाणी एकवटून घेऊन येणारी प्राणहिता ही तिची सर्वांत मोठी उपनदी मिळते. त्यापुढे बस्तरची इंद्रावती आणि शबरी मिळतात. राजमहेंद्रीपाशी तिचे पात्र एवढे विस्तारलेले असते की, १९०० साली तेथे रेल्वेसाठी खुला झालेला हॅवलॉक पूल सुमारे तीन किलोमीटर लांब बांधावा लागला. त्याच्या खालच्या अंगास धवळेश्वरमला सर आर्थर कॉटन यांनी १८५२ च्या सुमारास बांध पूर्ण केला आणि दुष्काळाने गांजलेला सारा त्रिभुज प्रदेश भाताचे कोठार झाला. त्या भव्य पात्रात त्र्यंबकच्या पाण्याचा वाटा किती, असे मुलाने विचारले तर खरे तेच सांगावे : नगण्य. नदी उगमातून सर्वच्या सर्व बाहेर पडत नसते, ती वाटेवर गोळा होत जाते, हे एवढे जरी त्या दिवशी मुलाच्या ध्यानी आले तरी एस.टी.चे भाडे वसूल झाले असे समजावे.

आता उगमाचा दावा पाहू, कारण येथे एक नव्हे, तीन ठिकाणे हक्क सांगून उभी आहेत. पहिले ब्रह्मगिरीच्या माथ्यावरचे. तेथे पठारावर एक लहानसे मंदिर आणि कुंड आहे, त्यास मूळगंगा म्हणतात, आणि शंकरांनी जटा आपटल्याच्या खुणा म्हणून ज्या खडकाची पूजा होते ते जटामंदिरही त्याच पठारावर थोड्या अंतरावर आहे. दुसरे ठिकाण डोंगराच्या निम्म्या उंचीवरचे गंगाद्वार. येथे कड्याच्या पोटात गंगेचे देऊळ आहे, जवळच कोलांबिकेचे स्थान, एकशे आठ शिवलिंगांची गुहा आणि नाथपंथीयांनी पूज्य मानलेली गोरक्षनाथांची गुहा आहे. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरात या चढणीच्या पायऱ्या ६९० अशा नोंदविल्या आहेत. आजचे वाटाडे सातशे म्हणतात, कोणी साडेसातशे म्हणतात. मुलांना मोजावयास सांगावे. प्रत्येकाचा आकडा निराळा येतो, त्यावरून तंटा माजतो, आणि चढण केव्हा संपली ते कळतही नाही. तिसरे ठिकाण खाली गावातले कुशावर्त. त्याचे दगडी घाट आणि ओवऱ्या अठराव्या शतकाच्या मध्यास होळकरांच्या फडणिशीतील पारनेरकरांनी बांधविल्या, आणि सिंहस्थात शैव आखाड्यांचे स्नान येथेच होते. वैष्णवांचे नाशकास रामकुंडावर.

तिन्ही ठिकाणांना जोडणारी कथा प्रत्येक नाशिककराने आजीच्या तोंडून ऐकलेली असते. दुष्काळात गौतम ऋषींच्या शेतात धान्य पिकत होते, ते खाण्यास आलेल्या गायीला त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलले आणि ती मरून पडली. त्या पातकाच्या क्षालनार्थ त्यांनी शिवाची आराधना केली आणि गंगा मागितली. गंगा आली खरी, पण ती ब्रह्मगिरीवर प्रकटली आणि लुप्त झाली, खाली गंगाद्वारी प्रकटली आणि पुन्हा लुप्त झाली. शेवटी गौतमांनी कुशाचे वेढे घालून तिला अडविली ते कुशावर्त. आमच्या घरातील एक चौथीतली मुलगी ही कथा ऐकून घाटाच्या पायरीवर बसली होती. सर्व ऐकून झाल्यावर तिने विचारले, ‘मग आजोबा, ती मधे मधे जाते कुठे?’ भूगर्भशास्त्राचा आरंभ याच प्रश्नापासून होतो, आणि तो विचारण्याची संधी त्या कथेनेच तिला दिली. म्हणून कथा खोटी म्हणून टाकूही नये, आणि कथा सांगून झाली म्हणजे सर्व उलगडा झाला असेही मानू नये. ज्या कोणी ती प्रथम रचली त्याने डोंगरावरचे पाणी दिसते कोठे आणि नाहीसे होते कोठे, हे पावलापावलाने पाहिलेले होते, याविषयी मला तरी संदेह नाही.

आणि ते नाहीसे होणे कुशावर्तापाशी थांबत नाही. त्र्यंबकात अहिल्या नदीचा संगम होतो, त्याच्या पुढे क्षीण झालेला प्रवाह वाहत राहतो, आणि गावापासून काही मैलांवर बेझे या खेड्याजवळ चक्रतीर्थ म्हणून एक डोह आहे, तेथे गोदावरी खऱ्या अर्थाने प्रकट झाली अशी परंपरा सांगते. खडकाळ, निवांत जागा आहे; पाणी खोल आहे, म्हणून मुलांना काठावरून हलू देऊ नये. तीर्थस्थानांच्या यादीत त्याचा क्रम खालचा असला तरी, वाहते पाणी पाहिल्याचे समाधान ज्या मुलाला हवे असते त्याला ते येथेच मिळते.

उगमाविषयीची ही तक्रार आपल्यापुरतीच आहे असे मात्र नव्हे. युरोपातील डॅन्यूब नदीचा उगम म्हणून जर्मनीतील डोनाउएशिंगेन गावी राजवाड्याशेजारी कोरीव कठड्याचे एक देखणे वर्तुळाकार कुंड दाखवितात. पण तिला मिळणारा ब्रेग हा लांबचा ओढा ज्या फुर्टवांगेन गावाच्या हद्दीत उगवतो, तेथील लोक खरा उगम आमच्याकडे असे म्हणतात, आणि दोन्ही गावांतला हा वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. भूगोलज्ञ सामान्यतः मुखापासून सर्वांत दूरचा झरा धरतात, लोक धरतात ती जागा जेथे पाण्याला कोणी दगडी चौकट घातली. आपल्याकडे महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळात एका छपराखाली कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले आहेत, त्यांतली सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेस जाते. तेथेही चौकट माणसाची आणि पाणी डोंगराचे.

डोंगराकडे वळावयाचे तर त्याचा दगड हाती घेतल्याखेरीज इलाज नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला, आणि असे अनेक थर एकावर एक साचून सह्याद्री आणि दख्खनचे पठार घडले. गंगाद्वारच्या पायऱ्यांवरून समोरच्या कड्याकडे पाहिले तर हे थर भाकरींच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. कड्यांच्या मध्ये हिरवळीच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या थरांमधल्या मऊ भागावर उगवलेल्या. दोन थरांच्या सांध्यात कोठे कोठे विटकरी रंगाचा, बोटाने उकरता येणारा मुरमाड पट्टा सापडतो. एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात वरचा दगड कुजून त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. तोच हा तांबडा थर. वर उल्लेखिलेल्या मुलीने त्यात बोट खुपसले, ते आपल्या वहीच्या कागदावर ओढले आणि गेरूसारखी उमटलेली ती रेघ दिवसभर सर्वांना दाखवीत राहिली. एका रेघेत तिने दोन ज्वालामुखींमधला कित्येक सहस्र वर्षांचा अवकाश वहीत नोंदवून घेतला होता, हे तिला त्या दिवशी कळले नाही, आणि कळण्याची घाईही नव्हती.

झऱ्याचा उगम याच सांध्यात असतो. माथ्यावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून आणि सच्छिद्र भागातून खाली झिरपतो, घट्ट थरावर किंवा त्या तांबड्या चिकण पट्ट्यावर येऊन अडतो, आडवा सरकतो आणि जेथे कडा तुटलेला असतो तेथे बाहेर पडतो. माथ्यावर दिसले, मधे गुप्त झाले, गंगाद्वारी पुन्हा दिसले, हा कथेतला क्रम आणि थरांचा क्रम एकमेकांशी जुळतो तो असा. भाद्रपद-आश्विनात गेले म्हणजे केवळ पूजेच्या मुखातूनच नव्हे, तर सबंध कड्यावरून दहा जागी पाणी पाझरताना दिसते. शेवाळलेल्या भिंतीवर हात ठेवला तर तळवा ओला होतो. त्या वेळी मुलाला विचारावे की उगम कोणता. ते एका जागी बोट दाखवीत नाही, दोन्ही हात पसरते.

याच डोंगराच्या पलीकडच्या अंगास दुसरा धडा आहे, आणि तो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. त्र्यंबकच्या डोंगररांगेतूनच वैतरणा उगम पावते, ती मात्र पश्चिमेकडे वळून ठाणे-पालघरच्या मुलखातून अरबी समुद्राला मिळते. १९५७ साली तिच्यावर जो बंधारा झाला त्याच्या जलाशयास मुंबई महानगरपालिकेचे अभियंते मोडक यांच्या नावावरून मोडकसागर म्हणतात; पुढे ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा ही धरणे झाली, आणि मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग या नदीचा आहे. म्हणजे माथ्यावर, मेघांच्या एकाच सरीत, हातभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एकाच्या नशिबी राजमहेंद्री असते आणि दुसऱ्याच्या नशिबी मुंबईतल्या एखाद्या चाळीचा नळ. पाठ्यपुस्तकात यास जलविभाजक असे भारदस्त नाव आहे. पण पुस्तकातले ते नाव आणि पठाराच्या धारेवर उभे राहून डाव्या-उजव्या हाताला उतरत गेलेल्या दोन दऱ्या पाहणे यांत फार अंतर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते दाखविण्यासाठी माथ्यापर्यंतची चढण करावी, असे मी निश्चित म्हणेन.

चढणीविषयी दोन शब्द व्यवहाराचे. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून १२९५ मीटर आहे. त्र्यंबक गावातून माथा गाठावयास मोठ्या माणसाला दीड-दोन तास पुरतात, मुले बरोबर असली म्हणजे त्यात विसाव्याचा वेळ धरावा. आठ वर्षांखालील मुलांना गंगाद्वारापर्यंतच न्यावे, त्यांच्या हिशेबी तो डोंगर पुरेसा मोठा असतो. माकडे उपद्रवी आहेत. पिशवी उघडी ठेवू नये आणि मुलाच्या हाती केळे देऊन त्याचे शौर्य पाहू नये. आषाढ-श्रावणात कातळातल्या पायऱ्या शेवाळतात आणि धुक्यात चार पावलांवरचे दिसत नाही. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस जी गर्दी लोटते तीत मूल हरवण्याची भीती अधिक.

वरचा मार्ग हा त्र्यंबकगड या किल्ल्याचाच मार्ग आहे, हे बहुतेक यात्रेकरूंना ठाऊक नसते. कातळ फोडून काढलेला खोल जिना, त्याच्या तोंडाशी कोरीव दरवाजा, भिंतीवर मूर्ती. मुलांना येथे नदीचा विसर पडतो आणि तो पडू द्यावा. १६३६ साली शहाजीराजांनी माहुलीला तह केला तेव्हा मोगलांच्या स्वाधीन करावयाच्या किल्ल्यांत हा होता, १६७० मध्ये तो स्वराज्यात आला, आणि १८१८ च्या एप्रिलात तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ल्याचे दुर्गभांडार नावाचे टोक एका अरुंद नैसर्गिक भिंतीने मूळ पठारास जोडलेले आहे. दोन्ही बाजूंस दरी आणि मधे पाऊलवाट. स्थापत्य असामान्य आहे, पण मुलांना घेऊन तेथे जाऊ नये.

त्यांना त्याऐवजी वाघाची गोष्ट सांगावी. विठ्ठलपंत आपल्या बायकामुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि थोरला मुलगा निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले आणि उपदेश मिळाला. पुढे तोच आपल्या धाकट्या भावाचा, ज्ञानदेवांचा, गुरू झाला. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकातच आहे, पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांची यात्रा भरते, आणि दिंड्यांसमवेत आलेली कित्येक मुले आयुष्यातला पहिला डोंगर म्हणून ब्रह्मगिरीच पाहतात. हरवलेल्या मुलाला काहीतरी गवसले अशी कथा मुलांना फार आवडते. मोठ्यांनी मात्र त्यावरून स्वतःच्या मुलावरची नजर ढिली करण्याचे कारण नाही.

येथपर्यंतचे सर्व पावसाळ्यानंतरचे वर्णन झाले. वैशाखात त्याच पायऱ्या चढून पाहाव्यात. गवत वाळून पिवळे झालेले असते, कडा कोरडा ठणठणीत असतो, आणि गंगाद्वारच्या मुखातून थेंबामागून थेंब एवढ्या अंतराने पडतो की मुलांना दोन थेंबांच्या मधे वीसपर्यंत अंक म्हणता यावेत. त्र्यंबक तालुक्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा अधिक पाऊस पडतो. अठ्ठावीस किलोमीटरांवरच्या नाशिक शहरात सातशेच्या जवळपास. तरीदेखील उन्हाळ्यात टँकर फिरतो तो या डोंगराळ तालुक्यात, आणि नाशकात लोक अंगण धुतात. पायऱ्यांवर पळसाच्या पानावर करवंदे मांडून बसलेल्या एका बाईला मुलांनी विचारले की तुम्ही पाणी याच झऱ्याचे भरता का. ती हसली. ‘वर कुठं पाणी आता? खालून हंडा आणावा लागतो, दोन खेपा,’ असे म्हणून तिने एका मुलाच्या ओंजळीत चार करवंदे जास्तीची टाकली.

नदीच्या उगमाशी राहणाऱ्या माणसाला नदीचे पाणी मिळत नाही, हे मुलाला पटवून देणे कठीण जाते. पण कारणे मघाच्या दगडातच आहेत. घट्ट काळा पाषाण पाणी साठवून ठेवीत नाही, उतार तीव्र असल्याने जे पडते ते चार महिन्यांत वाहून जाते, आणि त्याची गती कमी करणारे जे काही होते, म्हणजे झाडी, कारवीची जाळी, गवताची मुळे आणि पायथ्याची माती, ते माणसाने विरळ केले. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरण्याचे काम चालले असल्याचे उघडकीस आले, तेव्हा नाशिक-त्र्यंबकच्या नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. झऱ्याचे मुख संगमरवराने मढविले आणि डोंगराचे पोट खणले, तर झरा कोणाच्या आज्ञेने वाहणार, हा प्रश्न कोणत्याही सरकारी कचेरीत विचारण्याजोगा आहे.

गावातही मुलाने नदी शोधावी असे त्याला सांगून पाहावे. कुशावर्तापासून खाली निघालेली गोदावरी त्र्यंबकच्या वस्तीत बराच पल्ला काँक्रीटच्या आच्छादनाखालून गेली. वर रस्ता आणि वर्दळ, खाली नदी आणि तीत सांडपाणी. या प्रश्नावर नागरिकांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. खाली नाशकात रामकुंडाच्या परिसरातही तळाला घातलेल्या काँक्रीटने जुने जिवंत झरे बुजविले अशी फिर्याद लढवावी लागली. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली आरंभिलेले आणि १७८६ साली पुरे झालेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ आपण वारसा म्हणून जपतो ते योग्यच आहे. परंतु ज्या नदीसाठी ते क्षेत्र क्षेत्र ठरले, तिला गावातून उजळ माथ्याने वाहता येऊ नये, ही गोष्ट मुलापासून लपविण्यात काही हशील नाही. मूल ती पाहतेच. फरक एवढाच की आपण सांगितले नाही तर नदी अशीच असते असे ते धरून चालते.

परतीच्या वाटेवर गंगापूर धरणाकडे थोडी वाट वाकडी करावी. १९६५ साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण नाशिक शहराला पाणी पुरविते, आणि सकाळी गंगाद्वारी मोजलेले थेंब येथे क्षितिजापर्यंत पसरलेले पाहून मुलांचे ‘एवढीच?’ आपोआप मिटते. घरच्या नळाची तोटी, हे धरण आणि तो ओला कडा एका सूत्रात आहेत हे त्यांना सांगावे लागत नाही.

जाण्याचा शिरस्ता मी सुचवितो तो असा. नाशिकहून पहाटेची पहिली एस.टी. धरावी, कुशावर्त आणि देऊळ शेवटी ठेवून आधी डोंगर चढावा, आणि सिंहस्थाचे दिवस व श्रावणातले सोमवार सोडून कोणताही साधा वार निवडावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकात रस्ते, घाट आणि इमारती यांची कामे निघाली आहेत, म्हणून ज्यांना जावयाचे आहे त्यांनी फार लांबणीवर टाकू नये. आणि मूल एकच असले तरी त्याला दोनदा न्यावे : एकदा आश्विनात आणि एकदा वैशाखात. पहिल्या खेपेने नदी कोठून येते ते कळते, दुसरीने ती कशामुळे आटते ते. शाळेच्या पुस्तकात पहिल्याच गोष्टीला गुण आहेत, म्हणून दुसरी दाखविण्याचे काम घरच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर घेतले पाहिजे.